दोन-तीन दिवसांत शहर बघायचं, तर वेळापत्रक कसं आखावं

छोट्या सहलीचं वेळापत्रक आखताना बहुतेक जण ठिकाणांच्या यादीपासून सुरुवात करतात. दहा-पंधरा नावं कागदावर येतात, त्यांना दिवसांनी भागलं की रोजची पाच ठिकाणं ठरतात आणि वेळापत्रक तयार झालं असं वाटतं. मग पहिल्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमारास, तिसऱ्या ठिकाणच्या रांगेत उभं असताना लक्षात येतं की चौथं आणि पाचवं काही आज होत नाही. तिथून पुढचं सगळं घड्याळाकडे बघत बघितलं जातं. रजा काढून, पैसे साठवून, एवढ्या लांब जाऊन असं व्हावं याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे अगदी सहज टाळता येतं. यादी थोडा वेळ बाजूला ठेवायची आणि आधी तास मोजायचे. ठिकाणं नंतर, त्या तासांत मावतील तेवढीच.

पहिल्यांदाच स्वतःची सहल स्वतः आखणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. उदाहरणं वेगवेगळ्या शहरांची घेतली आहेत आणि पुढे रोमचं एक अख्खं वेळापत्रक आखून दाखवलं आहे. रीत मात्र कुठल्याही शहराला लागू पडते.

हातात खरे तास किती?

समजा तुम्ही शुक्रवारी दुपारी एक वाजता विमानतळावर उतरता आणि रविवारी रात्री साडेआठला तुमचं परतीचं विमान आहे. बोलताना आपण याला तीन दिवस म्हणतो. आता मोजून बघू. उतरल्यावर पासपोर्टची तपासणी, सामान, मग शहरात जायची गाडी शोधणं, हॉटेल गाठणं, खोली ताब्यात घेऊन तोंड धुणं, यात सव्वाचार वाजतात. त्या दिवशीचे उरले साधारण चार तास. शनिवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सात धरले तर दहा. रविवारी विमानाच्या तीन तास आधी विमानतळावर पोहोचायचं म्हणजे सव्वाचारला हॉटेल सोडायचं, म्हणजे साडेतीनपर्यंत सामान घ्यायला परत यायचं. सकाळी साडेआठला बाहेर पडलात तरी सात तास. एकूण झाले एकवीस. त्यातून जेवणं आणि बसून घेतलेली विश्रांती यांचे पाच तास वजा करा. उरले सोळा.

तीन दिवसांचे सोळा तास. हा आकडा कागदाच्या डोक्यावर मोठा लिहा. पुढचे सगळे निर्णय त्याच्याकडे बघून घ्यायचे.

तुमच्या प्रवासाच्या वेळा वेगळ्या असतील, पण मोजायची पद्धत हीच. दोन गोष्टी मात्र आधीच विचारून घ्या. हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीननंतर मिळते आणि शेवटच्या दिवशी अकरा-बाराला सोडावी लागते. त्याआधी आणि त्यानंतर सामान रिसेप्शनवर ठेवून घेतील का, हे आरक्षण करतानाच विचारा. ते नाही जमलं तर रेल्वे स्थानकावर क्लोकरूम किंवा लॉकर आहेत का ते पाहा. चाकांची बॅग ओढत दगडी फरशांच्या गल्ल्यांतून हिंडणं म्हणजे तो अर्धा दिवस हातचा गेलाच, आणि मोठ्या बॅगा घेऊन संग्रहालयांत प्रवेशही मिळत नाही.

दिवसाचा उजेडही या हिशेबात धरायला हवा. लंडनमध्ये जूनच्या अखेरीस सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि डिसेंबरात चारच्या आधीच. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तिथे वर्षभर सूर्यास्त सातच्या आसपासच असतो. बागा, किल्ले, नदीकाठ, उंचावरून दिसणारं शहर हे सगळं उजेडावर अवलंबून. हिवाळ्यात जात असाल तर ही ठिकाणं सकाळी घ्या आणि छपराखालची दुपारनंतर.

यादी करा, मग तिचे तीन भाग करा

आता यादी. मनात येईल ते सगळं लिहा, काटछाट नंतर. मग प्रत्येक नावासमोर एकच प्रश्न विचारा: हे बघितलं नाही तर घरी परतल्यावर चुटपुट लागेल का? ज्यांचं उत्तर मनापासून 'हो' येईल ती पहिल्या भागात. अशी दोन किंवा तीनच असावीत, तीन दिवसांच्या सहलीत चारच्या वर तर नाहीच. 'वाटेत असेल तर बघू' असं वाटणारी दुसऱ्या भागात. आणि ज्यांची नावं केवळ सगळे जातात म्हणून लिहिली गेली आहेत ती तिसऱ्या भागात. तिसरा भाग लगेच काढून टाका.

हे तिसऱ्या भागाचं काम सर्वांत कठीण जातं. प्रसिद्ध ठिकाण वगळताना आपण काहीतरी गमावतो आहोत असं वाटत राहतं. पण ज्याला चित्रांमध्ये रस नाही त्याने चित्रसंग्रहालयात तीन तास काढावेत असं कुठे आहे? त्या तीन तासांत तो बाजार बघेल, जुना पूल बघेल, नदीकाठी बसेल. सहल तुमची आहे, यादीही तुमचीच असू द्या. बरोबरची मंडळी असतील तर प्रत्येकाने आपलं एकेक 'हो' सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यावर वाद घालायचा नाही, ही पद्धत मला सगळ्यात बरी वाटते. प्रत्येकाच्या आवडीचं एक तरी ठिकाण झालं की बाकीच्या तडजोडी कुणाला जड जात नाहीत.

आधी बंद दिवस बघा

नवखे लोक सर्वांत जास्त अडकतात ते इथे. म्हणून इथे पुरेसा वेळ द्या.

पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तर नदीपलीकडचं ओर्से संग्रहालय सोमवारी. इस्तंबूलचा टोपकापी राजवाडा मंगळवारी बंद, डोल्माबाह्चे राजवाडा सोमवारी. ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असतो, दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी. न्यू यॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय बुधवारी बंद. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयाला सोमवारी सुट्टी असते, पण तो सोमवार सार्वजनिक सुट्टीचा असला तर ते त्या दिवशी उघडं राहतं आणि मंगळवारी बंद होतं. म्हणजे 'सोमवारी बंद' एवढं माहीत असूनही माणूस मंगळवारी बंद दारापुढे उभा राहू शकतो. म्हणून ज्या तारखेला जायचं आहे, त्या तारखेची वेळ त्या ठिकाणच्या अधिकृत संकेतस्थळावर बघायची. कुणाच्या जुन्या प्रवासवर्णनावर विसंबायचं नाही.

प्रार्थनास्थळांचं आणखी वेगळं. इस्तंबूलची निळी मशीद नमाजाच्या वेळी पर्यटकांना बंद असते आणि शुक्रवारी दुपारपर्यंत आत जाताच येत नाही. चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना चालू असतात. कपड्यांचे नियमही आधीच वाचून ठेवा. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात, म्हणजे व्हॅटिकनच्या मोठ्या चर्चमध्ये, उघडे खांदे आणि गुडघे चालत नाहीत, आणि तासभर रांगेत उभं राहून दारातून परत फिरावं लागणं फार जिवावर येतं.

बंद व्हायची वेळ आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच ठिकाणी शेवटचा प्रवेश अर्धा ते एक तास आधी असतो, व्हॅटिकनच्या संग्रहालयांत तर दोन तास आधी. वेळापत्रकात नेहमी शेवटच्या प्रवेशाची वेळ लिहा.

याच पाहणीत काही चांगल्या गोष्टीही हाती लागतात. बरीच मोठी संग्रहालयं आठवड्यातून एखाद-दोन दिवस उशिरापर्यंत उघडी असतात: लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी, ओर्से गुरुवारी, ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी. छोट्या सहलीत ही संध्याकाळ सोन्यासारखी. बाहेर अंधार पडलेला असतो, दिवसाचे मोठे गट परतलेले असतात आणि उजेडाचे तास तुम्ही बाहेरच्या ठिकाणांसाठी वाचवलेले असतात. याउलट 'फुकट प्रवेशाचा दिवस' बघून हुरळून जाऊ नका. व्हॅटिकनची संग्रहालयं एरवी रविवारी बंद असतात, पण महिन्याच्या शेवटच्या रविवारी विनामूल्य उघडतात. त्या दिवशी वेळ कमी आणि गर्दी अफाट. मुक्काम लांबचा असेल तर गोष्ट वेगळी. हातात सोळाच तास असताना तिकिटाचे वाचलेले पैसे रांगेत भरावे लागतात.

वेळ ठरवून दिलेली तिकिटं

पूर्वी लवकर जाऊन रांगेत उभं राहिलं की काम भागायचं. आता अनेक ठिकाणी तारीख आणि वेळ निवडूनच तिकीट घ्यावं लागतं, आणि ते आधी संपतं. ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक हाउसची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या आठवड्याची विक्री उघडते. मिलानमध्ये लिओनार्दोचं 'लास्ट सपर' हे भित्तिचित्र बघायला मोजक्याच लोकांना एका वेळी आत सोडतात आणि बरोबर पंधरा मिनिटांनी बाहेर काढतात. रोमच्या बोर्गेझे गॅलरीत दोन तासांची मुदत असते. स्पेनमधल्या ग्रानादाच्या अलहंब्रा या किल्ल्याचा परिसर तुम्ही सावकाश हिंडू शकता, पण त्यातल्या नासरी राजवाड्यांत तिकिटावरच्या वेळेलाच जावं लागतं. ताजमहालच्या तिकिटावर तीन तासांची मर्यादा आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिल्या भागातल्या ठिकाणांपैकी कुठल्या ठिकाणाला वेळेचं तिकीट लागतं ते शोधा. ती तिकिटं आधी काढा, शक्य असेल तर विमानाचं तिकीट पक्कं करण्याच्या आधीच उपलब्धता बघून घ्या. ही झाली वेळापत्रकातली खुंटी, बाकी सगळं तिच्याभोवती. आणि एका दिवसात अशी दोनच तिकिटं ठेवा, एक सकाळी आणि एक दुपारनंतर. तिसरं घेतलंत की दिवसभर एकीकडून दुसरीकडे धावत सुटावं लागतं, आणि पहिल्याला उशीर झाला की पुढची दोन्ही अडचणीत येतात.

शहरात 'सिटी पास', म्हणजे अनेक ठिकाणांचं मिळून एकच तिकीट, विकत मिळत असेल तर त्यात किती ठिकाणं आहेत हे बघू नका. त्यातली किती ठिकाणं तुमच्या पहिल्या दोन भागांत आहेत तेवढंच मोजा. पास घेतला की तो वसूल करायची घाई सुरू होते आणि नको असलेली ठिकाणं वेळापत्रकात शिरतात. शिवाय पास असूनही वेळेचं आरक्षण वेगळं करावं लागतं का, हेही तपासा. बरेचदा लागतं.

एका ठिकाणाला नेमका किती वेळ?

आपण वेळेचा अंदाज कमीच बांधतो, हा माणसाचा स्वभावच आहे. डॅनियल कानेमान आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीवर लिहिलं. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल असं विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. काम आपल्या परिचयाचं असूनही अंदाज इतका चुकतो. मग कधीही न पाहिलेल्या शहरात, न कळणाऱ्या भाषेच्या पाट्या वाचत आपण किती चुकू याचा विचार करा. मी यावरून एक साधा नियम पाळतो: मनात जो वेळ येईल त्याची दीडपट लिहायची.

दीडपट का लागते तेही कळतं. 'संग्रहालय, दीड तास' असं लिहिताना आपण फक्त बघायचा वेळ लिहितो. पण प्रवेशद्वार शोधणं, सुरक्षा तपासणीची रांग, कोट आणि पिशव्या ठेवणं, स्वच्छतागृह, आतला नकाशा समजून घेणं, दोन जण मागे राहिले म्हणून थांबणं आणि शेवटी बाहेर पडायचा रस्ता, हे सगळं मिळून पाऊण तास सहज जातो. तो कुणीच लिहीत नाही.

नकाशावरच्या वेळेचंही तेच. फोन वीस मिनिटं दाखवतो ती न थांबता, रस्ता न चुकता चालणाऱ्याची. तुम्ही सिग्नलला थांबणार, फोटो काढणार, कुणाच्या बुटाची नाडी सुटणार. तीस मिनिटं धरा. मेट्रोने जाताना दाखवलेल्या वेळेत दहा-पंधरा मिनिटं मिळवा, कारण मोठ्या स्थानकात खाली उतरणं, गाडी बदलणं आणि बरोबर दारातून वर येणं हाच एक प्रवास असतो. टोकियोच्या शिंजुकू स्थानकाला बाहेर पडायचे दोनशेच्या आसपास मार्ग आहेत. चुकीच्या बाजूने वर आलात तर पुन्हा लांबचा वळसा.

आणि मोठं संग्रहालय 'पूर्ण' बघायचा विचार मनातून काढून टाका. लूव्रमध्ये सुमारे ३५,००० कलाकृती मांडलेल्या आहेत. प्रत्येकीसमोर दहा सेकंद थांबलात तरी सत्त्याण्णव तास लागतील, म्हणजे न झोपता चार दिवस आणि चार रात्री. म्हणून आत जाण्याआधीच संकेतस्थळावर बघून सहा-सात गोष्टी निवडा, त्या कुठल्या मजल्यावर आहेत ते लिहून ठेवा आणि सर्वांत आवडीची आधी बघा. थकायच्या आधी. संग्रहालयात येणारा थकवा वेगळाच असतो. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातले बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी १९१६ मध्ये त्यावर लेख लिहिला होता आणि मांडलेल्या वस्तू नीट दिसाव्यात म्हणून प्रेक्षकाला किती वाकावं, वळावं लागतं याची छायाचित्रं काढून दाखवली होती. हळूहळू चालणं, उभं राहणं, वाकून वाचणं यांनी पाय आणि डोकं दोन्ही शिणतात. दोन तासांनंतर समोर कितीही थोर चित्र असलं तरी नजर त्यावरून नुसती सरकते. तिथे थांबायचं, बाहेर यायचं. एका दिवसात दोन मोठी संग्रहालयं ठेवू नका.

नकाशावर ठिपके टाका

आतापर्यंत कागदावर सात-आठ नावं उरली असतील. फोनच्या नकाशात ती सगळी जतन करा आणि नकाशा लांबून बघा. ठिपके कुठेतरी घोळका करून बसलेले दिसतील. प्रत्येक घोळका म्हणजे अर्धा दिवस. नियम एवढाच की अर्ध्या दिवसात एकाच घोळक्यात राहायचं, आणि दिवसातून एकदाच, जेवणाच्या वेळेला, शहराच्या दुसऱ्या बाजूला जायचं.

एकच ठिपका लांब एकटा बसला असेल तर त्याला कडक प्रश्न विचारा. तो पहिल्या भागातला असला तरच त्याच्यासाठी जायचं, नाहीतर सोडून द्यायचा. तिथे जाण्या-येण्यात दोन तास जाणार असतील तर ते तुमच्या सोळातले दोन आहेत. याच कारणासाठी शहराबाहेरची दिवसभराची सहल तीन दिवसांच्या मुक्कामात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे जायचंच असेल तर तिथेच एक रात्र राहा.

हॉटेल निवडतानाही हाच नकाशा समोर ठेवा. स्वस्त पण तासभर लांबचं हॉटेल रोज दोन तास घेतं, आणि दुपारी परत येऊन पाय टेकवायची सोय जाते ती वेगळीच.

दिवसाचा आकार

सकाळचे पहिले दोन तास सगळ्यात मोलाचे. गर्दी कमी, ऊन कमी, पाय ताजे. त्यामुळे दिवसातलं सर्वांत मोठं ठिकाण दार उघडायच्या वेळेला घ्या. दुपारी जेवणानंतर काहीतरी सौम्य ठेवा: बाग, बोटीची फेरी, गल्ल्यांतून हिंडणं. संध्याकाळी अशी जागा ठेवा जिला दार आणि वेळ नाही. चौक, पूल, नदीकाठ, टेकडी. दिवस मागे पडला तरी ती तुमची वाट बघत असते.

प्रत्येक दिवशी दीड ते दोन तास पूर्ण रिकामे सोडा आणि वेळापत्रकात ते 'रिकामे' असेच लिहा. लिहिलं नाही तर कुणीतरी त्यात काहीतरी भरतंच. उशीर झाला तर तो वेळ तिथे मुरतो, झाला नाही तर वाटेत दिसलेल्या अनोळखी दारातून आत डोकावता येतं. रविवारी दुपारी नुसतं बाकावर बसून त्या शहरातली माणसं बघणं हेही शहर बघणंच आहे.

पोहोचण्याच्या दिवशी वेळेचं तिकीट काढू नका. विमान, गाडी, सामान यांतलं काहीही उशिरा होऊ शकतं. घड्याळ बदलणारा लांबचा प्रवास असेल तर पहिल्या संध्याकाळी उघड्यावर चाला आणि तिथल्या रात्रीपर्यंत जागं राहायचा प्रयत्न करा. बहुतेकांना पश्चिमेकडे जाणं पूर्वेकडे जाण्यापेक्षा सोपं जातं. पश्चिमेकडे गेल्यावर पहाटे लवकर जाग येते, तिचा उपयोग करून घ्या.

लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर दिवसाला एकच मोठं ठिकाण. दुपारी दोन तास खोलीवर परत. जिने किती, बसायला जागा कुठे, चाकाची खुर्ची मिळते का, हे आधी बघा. बऱ्याच संग्रहालयांत ती दिली जाते. ठिकठिकाणी चढ-उतार करू देणारी पर्यटक बस तरुणांना संथ वाटते, पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी पहिल्या दिवशी तिचा फार उपयोग होतो.

रोम: शुक्रवार दुपार ते रविवार संध्याकाळ

आता वरचेच सोळा तास रोममध्ये वापरून बघू. पहिल्या भागात तीन नावं: कोलोसियम, व्हॅटिकनची संग्रहालयं, सेंट पीटर्स. दुसऱ्या भागात पँथिऑन हे प्राचीन मंदिर, नावोना चौक, त्रेवी कारंजं, फोरम म्हणजे प्राचीन रोमच्या मध्यवर्ती चौकाचे अवशेष, कास्तेल सांतांजेलो हा नदीकाठचा किल्ला, त्रास्तेवेरे या जुन्या वस्तीच्या गल्ल्या. नकाशावर तीन घोळके दिसतात. मध्यभागी पँथिऑन, नावोना, त्रेवी. नदीपलीकडे पश्चिमेला व्हॅटिकन आणि कास्तेल. आग्नेयेला कोलोसियम, फोरम आणि पॅलेटाइन टेकडी, जी एकाच तिकिटात येतात.

कुठला घोळका कुठल्या दिवशी, हे बंद दिवस ठरवतात. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, म्हणजे शनिवार तिकडे. कोलोसियम रविवारी उघडं, म्हणून रविवार तिकडे. फक्त तो महिन्याचा पहिला रविवार नाही ना ते बघा, कारण त्या दिवशी इटलीतली सरकारी संग्रहालयं आणि स्मारकं विनामूल्य असतात आणि तिथे झुंबड उडते.

शुक्रवार. फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनी स्थानकापर्यंत थेट गाडी ३२ मिनिटांत जाते. सव्वाचारला हॉटेलातून बाहेर. मध्यभागचा घोळका. पँथिऑनला जुलै २०२३ पासून तिकीट लागतं, पण पोहोचायचा दिवस म्हणून तिथे 'जमलं तर आत, नाहीतर बाहेरून' असं लिहा. तिथून पाच मिनिटांवर नावोना चौक. अंधार पडल्यावर त्रेवी. चौक आणि कारंजं बाहेरून कधीही बघता येतात, त्यामुळे विमान दोन तास उशिरा आलं तरी ही संध्याकाळ वाया जात नाही.

शनिवार. सकाळचं पहिलं तिकीट व्हॅटिकन संग्रहालयांचं. तीन तास, आणि त्यात मायकेलअँजेलोच्या छतावरच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या सिस्टिन चॅपेलला जायचंच असल्यामुळे वाटेतल्या दालनांत मोजकंच थांबायचं. चॅपेलमध्ये फोटो काढायला मनाई आहे, नुसतं मान वर करून बघायचं. संग्रहालयाचं दार आणि सेंट पीटर्सचा चौक शेजारी नाहीत, भिंतीला वळसा घालून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. ती लिहा. मध्ये जेवण आणि विश्रांती. दीडच्या सुमारास बॅसिलिकाची सुरक्षा रांग, साडेतीनपर्यंत आत. मग दोन तास रिकामे: पायांत बळ असेल तर सरळ रस्त्याने कास्तेल, नसेल तर खोलीवर. संध्याकाळी देवदूतांच्या पुतळ्यांचा पूल आणि त्रास्तेवेरे.

रविवार. सामान रिसेप्शनवर. नऊचं कोलोसियम, सव्वा तास. नंतर फोरम आणि पॅलेटाइन, दोन तास. तिथे सावली कमी आहे, पाणी आणि टोपी हवी. रविवारी कोलोसियमसमोरचा मोठा रस्ता वाहनांना बंद असतो, त्यामुळे परत येताना मधोमध निवांत चालता येतं. जेवण, मग कॅपिटोलाइन टेकडीवरून फोरम वरून बघणं. साडेतीनला हॉटेल, सव्वाचारला स्थानकाकडे.

बोर्गेझे गॅलरी, भूमिगत कबरी, आप्पियन मार्ग हा प्राचीन रोमन रस्ता यात नाहीत. ते सगळं सुंदर आहे, पण सोळा तासांत मावत नाही. कुणाला चित्र-शिल्पांचीच आवड असेल तर तो व्हॅटिकन काढून तिथे बोर्गेझे ठेवू शकतो. वर आणखी एक म्हणून मात्र नाही.

ऐनवेळी बिघडलं तर

पाऊस येतो, संप होतो, कुणाला ताप येतो. त्यासाठी वेळापत्रकात प्रत्येक दिवशीच्या एका ठिकाणासमोर 'आधी हे सोडायचं' अशी खूण घरूनच करून ठेवा. भर रस्त्यात, भुकेल्या पोटी, चार माणसांत तो निर्णय घेताना हमखास कुरबुर होते. छपराखालचं एक पर्यायी ठिकाणही प्रत्येक दिवशी लिहून ठेवा.

उशीर झाला की बहुतेक जण प्रत्येक ठिकाणाची थोडी थोडी वेळ कापतात. तसं करू नका. एक ठिकाण पूर्ण सोडा आणि बाकीची नीट बघा.

निघायच्या आदल्या रात्री सगळी तिकिटं फोनमध्ये उतरवून घ्या, इंटरनेट नसतानाही उघडतात ना ते एकदा तपासा, शहराचा नकाशा ऑफलाइन साठवा. पूर्ण वेळापत्रक एका पानात मावेल असं करा आणि बरोबरच्या प्रत्येकाला पाठवा, त्यात हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत लिहिलेला असू द्या. चुकामूक झाली तर टॅक्सीवाल्याला तोच दाखवायचा आहे.